तांडेलिणीचा खोकला

आमच्या घरात कुणी खोकलं की त्याला आधी भाताचा गोळा मिळायचा. औषध नंतर, विचारपूस त्याहून नंतर. खाडीच्या मुखाशी घर, दोन्ही वेळा ताटात मासा, त्यामुळे खोकला म्हणजे घशात काटा अडकला, हे ठरलेलंच होतं. आई कोरड्या भाताचा लिंबाएवढा गोळा वळायची आणि समोर उभी राहून म्हणायची, "चावू नको, तसाच गीळ." एकदा मला चांगला ताप भरला होता, छाती घरघरत होती, तरी गोळा गिळेपर्यंत आईने मला अंथरुणावर आडवं होऊ दिलं नव्हतं. काटा उतरला नाही तर केळं, केळ्याने नाही भागलं तर पाठीत धपाटा. असा आमचा दवाखाना. आज मी स्वतः डॉक्टर आहे, जनावरांची का असेना, पण अजूनही कुणी खोकलं की माझी उजवी मूठ आपोआप भात वळायला लागते.

म्हणून आमची तांडेलीण खोकायला लागली तेव्हा तिलाही भाताचा गोळाच मिळाला. तांडेलीण म्हणजे आमची मांजर. तांडेल हा होडीवरचा मुख्य माणूस, आणि ही बया अंगणात पालथ्या घातलेल्या जुन्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, अशा रुबाबात बसायची की आबाकाकांनी तिला ते नाव देऊन टाकलं. आबाकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. जन्मभर मालवाहू बोटींवर खलाशी, शेवटी सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होऊन घरी आलेले. काकी पूर्वीच गेल्या होत्या. बाबाही बोटीवरच, वर्षातून कधीतरी उगवायचे. काकांचा मुलगा मुंबईला नोकरीत आणि वहिनी बाळंतपणाला माहेरी. घरात आम्ही तिघंच, आबाकाका, आई आणि मी. चौथी तांडेलीण. तिचा अधिकार माझ्यापेक्षा वरचा होता. माळ्यावरची भाताची पोती आणि पडवीत वाळत टाकलेले कोळंबीचे सोडे तिच्या राखणीत असायचे, आणि तिच्या राज्यात एकाही उंदराला म्हातारपण आलं नाही. मासळी आली की पहिलं डोकं तिला. ते काका स्वतः काढून ठेवायचे, आईने हात लावलेला त्यांना चालत नसे.

तिचा खोकला गणपतीनंतर सुरू झाला. मान लांब करून जमिनीलगत धरायची, कोपरं बाहेर काढायची आणि पोट आत ओढून खस्‌ खस्‌ असा कोरडा आवाज काढायची. आता काहीतरी बाहेर पडेल म्हणून आम्ही बघत राहायचो, तर ती एक आवंढा गिळायची आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पाय चाटत बसायची. "भिंगाचा काटा असणार," आई म्हणाली. भिंग हा मासा काट्यांसाठीच जन्माला आलेला. मग बांगड्याच्या कालवणात बुडवलेले भाताचे गोळे सुरू झाले. तांडेलीण ते मिटक्या मारत खायची आणि पुन्हा खोकायची. काकांनी तिचा जबडा उघडून धरला, आईने बॅटरी मारली, मी आत डोकावले. लालचुटूक घसा, काटा कुठेच नाही. काकांच्या मनगटावर चार ओरखडे तेवढे उमटले. हळूहळू तिच्या पाठीचा कणा हाताला लागायला लागला. नाळेवर चढताना ती मध्येच थांबून दम खायची.

तेवढ्यात वहिनीच्या माहेराहून निरोप आला की बाळाला घेऊन ती दिवाळीच्या आत सासरी येते आहे. काकांनी त्याच दिवशी माळ्यावरचा पाळणा खाली काढला. शिसवी पाळणा, त्याला लाकडी पोपट. काका अंगणात बसून तो खोबरेल तेलाने पुसत होते आणि पायाशी तांडेलीण खोकत होती. पुसता पुसता त्यांचा हात थांबला. "हिला आता पलीकडे नेऊक लागेल," ते म्हणाले. आई चुलीपाशी होती, तिनेही ऐकलं. तो पाळणा माळ्यावर का गेला होता ते आम्हाला ठाऊक होतं. काकांची पहिली मुलगी त्याच पाळण्यात खोकत खोकत गेली होती. काका तेव्हा समुद्रावर होते. घरी आले तेव्हा पाळणा वर चढलेला होता, आणि पुढे मुलगा झाला तरी त्याला त्यांनी झोळीतच झोपवलं. आता नातवासाठी त्यांनी धीर करून पाळणा काढला होता आणि घरात पुन्हा खोकला होता. त्यांना मी कसा दोष देणार? पण तांडेलीण जाणार हेही मला सहन होईना.

पलीकडे नेणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या भागात मांजर मारत नाहीत. मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं म्हणतात, आणि आमच्या वाडीत सोनं कानापुरतंसुद्धा मुश्किलीने निघालं असतं. मग नको झालेलं मांजर गोणपाटाच्या पिशवीत घालायचं, माणसांना खाडी ओलांडून देणाऱ्या होडीत बसायचं आणि पलीकडच्या धक्क्यावर ते सोडून द्यायचं. सोबत भात आणि सुक्या मासळीचा तुकडा केळीच्या पानात बांधून ठेवायचा. तिची शिदोरी. म्हणजे तिने शाप देऊ नये. आणि परतीच्या होडीत बसलं की मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर मांजराचा जीव अडकतो, ते पाण्यात उडी घेतं, असं सगळे सांगायचे. पलीकडे नेलेलं मांजर परत आणल्याचं मात्र कुणी कधी ऐकलं नव्हतं.

मी तेव्हा रत्नागिरीला कॉलेजात विज्ञान शाखेत होते. रोज सकाळी तीच होडी आणि पुढे एसटी. प्राणिशास्त्राचे सर सांगलीकडचे, माशाच्या वासाने हैराण झालेले, पण शिकवायला बसले की वेळेचं भान नसलेले. मी धीर करून तांडेलिणीचा खोकला त्यांना सांगितला, नुसता सांगितला नाही तर मान लांब ताणून तसा खोकूनही दाखवला. वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते कपाटातून एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. मांजरांच्या फुप्फुसात केसाइतका बारीक एक जंत राहतो, असं त्यात होतं. त्याची पिल्लं खोकल्याबरोबर घशात येतात, मांजर ती गिळतं आणि विष्ठेतून ती बाहेर पडतात. तिथून ती गोगलगाईच्या अंगात शिरतात. त्या गोगलगाईला पाल, बेडूक, उंदीर असं कुणीतरी खातं आणि त्याला मांजर खातं. "गोगलगाई आहेत का घराजवळ?" सरांनी विचारलं. मी हसले. श्रावण-भाद्रपदात आमच्या अंगणाभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्यावर चिऱ्यांपेक्षा गोगलगाई जास्त दिसतात. सर म्हणाले, "मी हे फक्त वाचलंय, डोळ्यांनी कधी पाहिलं नाही. तू दाखव मला." एवढ्या मोठ्या माणसाने मला असं म्हटलं! मी एसटीत उभ्याने घरी आले, बसायला जागा असून.

रीत त्यांनीच सांगितली. विष्ठा फडक्यात सैल बांधायची, नरसाळ्यात कोमट पाणी भरून त्यात ती पुरचुंडी रात्रभर लोंबत ठेवायची. जंतांची पिल्लं वळवळत फडक्यातून बाहेर येतात, पण त्यांना पोहता येत नाही, मग ती तळाशी जमतात. नरसाळ्याच्या तोंडाला बसवायला सरांनी प्रयोगशाळेतली रबरी नळी आणि चिमटा दिला. आता मला सांगा, दही फडक्यात टांगून चक्का करणाऱ्या घरातल्या मुलीला यात अवघड काय? माल मिळवायला तांडेलिणीच्या मागे राखेच्या ढिगापर्यंत जावं लागलं, एवढंच. आई म्हणाली, "कॉलेजात ह्यां शिकवतत काय गो?" नरसाळं मी न्हाणीघरातलं घेतलं, राख लावून लखलखीत घासलं. दुसऱ्या दिवशी तळाचं पाणी बाटलीत भरून नेलं. सरांनी बाटली उघडली, नाकाशी धरली आणि म्हणाले, "रॉकेल?" ते स्टोव्हचं नरसाळं होतं! आमच्या घरात त्या वासाची इतकी सवय की मला तो आलाच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली नुसता निपचित कचरा, काय जंत आणि काय फडक्याचे धागे, काही कळेना. घरी येऊन मी पडवीत बसून रडले, आणि आतून काका म्हणाले, "उद्या सकाळच्या होडीने नेतंय मी तिला."

तेव्हा आई उठली. माझी आई चौथीपर्यंत शिकलेली, काकांसमोर पदर सावरल्याशिवाय न बोलणारी. फळीवरून तिने कोरं प्लॅस्टिकचं नरसाळं काढलं. राजापूरच्या मावशीने दिलेलं ते नरसाळं चार महिने तिने कुणाला शिवू दिलं नव्हतं. मग चक्क्याचं फडकं आणलं, माझ्यासमोर दोन तुकडे केले, एक परत घडी करून ठेवला आणि दुसरा माझ्या हातात दिला. "उद्या नेणार तर आज बघून घे," म्हणाली, "आणि पाण्यात आधी बोट घालून बघ, बाळाच्या आंघोळीसारखा होवा." फळीवरच्या डब्यांच्या मधोमध आम्ही दोघींनी ते नरसाळं दोरीने बांधलं. तिने मला काही समजावलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. पण तिचं कोरं नरसाळं कशासाठी गेलं, याचा अभिमान मला नंतरच्या कुठल्याही पदवीपेक्षा जास्त वाटला आहे.

सकाळी काकांनी तांडेलिणीला पिशवीत घातलं. ती खोकली, पण ओरडली नाही. काकांवर तिचा विश्वास होता. आईने पानात भात आणि बोंबलाचा तुकडा बांधून दिला. होडीत काका पुढच्या फळीवर मांडीवर पिशवी घेऊन बसलेले, आणि मी समोर, दप्तरात नळीतून काढलेलं पाणी भरलेली छोटी बाटली. त्या पाण्यात काही आहे की नाही, मला ठाऊक नव्हतं. खाडीच्या मध्यावर मी म्हटलं, "आबा, माझ्याबरोबर कॉलेजात चला. आधी बघा, मग काय ते करा."

"मांजर घेऊन?"

"मांजर घेऊन."

"आणि नाय काय दिसला तर?"

"तर परत येताना मी स्वतः तिला धक्क्यावर ठेवीन. मागे बघणार नाही."

काकांनी पिशवीकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं आणि कंडक्टरला काय सांगायचं ते आपण बघू, एवढंच म्हणाले. एसटीत त्यांनी पिशवी धोतराच्या सोग्याखाली घेतली. ती खोकली की काका जोरात खोकायचे. शेजारच्या बाईने त्यांना खडीसाखर दिली.

प्रयोगशाळेत काका दाराशीच थबकले. सरांनी त्यांना खुर्ची दिली, पिशवी मेजाखाली ठेवली. मी काचपट्टीवर थेंब घेतला. काही नाही. दुसरा थेंब, काही नाही. सर म्हणाले, "तळातलं घे, अगदी तळातलं." बाटली सरळ धरून मी तळातलं पाणी ओढलं, काच बसवली, डोळा लावला. आधी नुसता पिवळट उजेड. मग त्या उजेडात काहीतरी वळलं. इंग्रजी एसच्या आकारात वळवळणारा एक बारकासा जीव, शेपटीचं टोक वाकडं आणि त्यावर इवलासा काटा. त्याच्या पलीकडे दुसरा. मग खूप. पुस्तकातलं चित्र माझ्या डोळ्यासमोर चालत होतं. मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. सरांनी पाहिलं, चष्मा काढून पुन्हा पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आहेत की!" मग काका उठले. पहिल्या वर्षाच्या मुलांना सूक्ष्मदर्शकात आधी आपल्याच पापण्या दिसतात. काकांनी दुर्बिणीला लावावा तसा सराईत एक डोळा लावला, दुसरा मिटला आणि बराच वेळ हलले नाहीत.

"काटा हाय," ते शेवटी म्हणाले, "पण शेपटीला."

मग वर न बघता त्यांनी सरांना विचारलं, "ह्यां बाळाक जाईल?"

सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "शोधलंय तिनं. तिलाच विचारा."

काका माझ्याकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट बघितली. मी पुस्तकातलं सगळं सांगितलं, सावकाश, एकेक पायरी. हा जंत मांजराच्या खोकल्यातून दुसऱ्याला लागत नाही, मांजराकडून मांजरालाही नाही. गोगलगाईच्या अंगातून गेल्याशिवाय तो पुढे सरकतच नाही, आणि माणसाच्या छातीत तो घर करत नाही. "म्हणजे नाय," काका म्हणाले. "नाही, आबा," मी म्हटलं. ते खुर्चीत बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्या तोंडाची दोरी सैल केली. तांडेलिणीने डोकं बाहेर काढलं. काकांनी उपरण्याने डोळे पुसले आणि म्हणाले की त्या काचेत बघून डोळ्यांना पाणी येतं.

पुढे मी अनेक जंत पाहिले. हृदयात राहणारे, डासाच्या चाव्यातून येणारे लांबलचक दोऱ्यासारखे जंतही पाहिले, कुत्र्यांत पुष्कळ, मांजरात क्वचित. नोकरीत असताना एकदा रस्त्यावर गाडीखाली आलेली वाघाटी माझ्याकडे आणली होती. रानातलं ते देखणं मांजर, अंगावर बिबट्याचे ठिपके आणि आकार घरच्या मांजराएवढा. तिच्या फुप्फुसावर करड्या गाठी होत्या. त्यातलं पाणी काचेखाली धरलं तर तेच, वाकड्या शेपटीचं. माणसाच्या घरात कधी पाऊल न टाकलेल्या त्या जनावराच्या छातीत आमच्या गडग्यावरच्या दुखण्याचे भाऊबंद निघाले. बरोबरचा तरुण डॉक्टर म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर काचेखाली बघायच्या आधीच ओळखलंत." मी त्याला तांडेलीण सांगितली. मी ती सगळ्यांना सांगते, त्यांनी विचारलं नाही तरी.

त्या दिवशी कॉलेजातून आम्ही गुरांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी जंतांवरची पूड दिली, मांजराच्या वजनाने पुड्या बांधून. परतीच्या होडीत पिशवी पुन्हा काकांच्या मांडीवर. होडीवाल्याने वल्हं थांबवलं. "आबा, मांजर परत आणलात?" सगळी होडी बघायला लागली. काका ताठ बसले, बोटीवर बसत असतील तसे. "पलीकडे सोडूक नव्हता नेला," ते म्हणाले, "तपासूक नेला होता. आमच्या बायोन तिच्या छातीतला जंत शोधून काढलान. बायोच्या मास्तरानपण बघलेलान नव्हता." ही गोष्ट नंतर त्यांनी धक्क्यावर, वाण्याकडे, देवळात इतक्यांदा सांगितली की दर खेपेला जंत थोडा लांब होत गेला. शेवटी तो चांगला वीतभर झाला आणि मीच त्यांना आवरलं.

आई पूड बांगड्याच्या गरात कालवून द्यायची. काकांनी गोगलगाईंविरुद्ध मोहीम उघडली. रोज संध्याकाळी जुना डबा घेऊन गडगा तपासायचे आणि सापडतील तेवढ्या मिठाच्या पाण्यात टाकायचे. खोकला एकदम नाही गेला. आधी दोन खोकल्यांमधला वेळ वाढला, मग एक दिवस आईच्या लक्षात आलं की सकाळपासून आवाजच नाही. वहिनी बाळाला घेऊन आली तेव्हा तांडेलीण नाळेवर बसलेली होती, एका उडीत चढून. पाळणा ओटीवर टांगला होता. काकांनी बाळाला त्यात ठेवलं, स्वतः झोका दिला, आणि थोड्या वेळाने बघतो तर पाळण्याखाली तांडेलीण अंगाचं मुटकुळं करून झोपलेली. कुणीच तिला उठवलं नाही.

मला मुंबईला जनावरांच्या डॉक्टरकीला जागा मिळाली तेव्हा वाडीतल्या पुष्कळांनी काकांना समजावलं की पोरीची जात, गुरांत हात घालणार, लग्न कोण करील. काका म्हणाले, "तिका इचारा, माका नको." निघायच्या दिवशी माझी ट्रंक त्यांनी स्वतः खांद्यावर घेतली. होडीने आम्ही पलीकडे गेलो. धक्क्यावर त्यांनी ट्रंक ठेवली आणि खिशातून केळीच्या पानाची पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली. उघडून बघितलं तर भात आणि बोंबलाचा तुकडा. मला हसू फुटलं. "आबा, मला पण पलीकडे टाकताय होय?" काका हसले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि परतीच्या होडीत चढले. त्या होडीत सगळे गावाकडे तोंड करून बसतात. काका एकटे उलटे बसले, गावाकडे पाठ करून, आणि होडी पार त्या काठाला लागेपर्यंत माझ्याकडे बघत राहिले.

शिक्षण संपल्यावर मी रत्नागिरीलाच परत आले.